नदीयोजना आणि रयतेचे मत : एक ऐतिहासिक आलोकन

स्मरणिकेसाठी इतिहासविषयक काही लिहावे, अशी संपादक मंडळाची सूचना आली, तेव्हा राजेरजवाड्यांच्या सनदा किंवा घराण्यांच्या वंशावळी यांकडे प्रस्तुत लेखकाचे मन वळले नाही. घरातील जुन्या पेटीत जपून ठेवलेला एक पिवळा पडलेला कागद आठवला. आमचे मातामह ज्या गावी राहत, त्या गावच्या चावडीवर १९६७ साली लागलेल्या नोटिशीची ती प्रत आहे. नदीवर धरण व्हावयाचे होते. गाव पाण्याखाली जावयाचे होते. आणि ज्या इसमांचा त्या जमिनीत हितसंबंध असेल, त्यांनी तीस दिवसांच्या आत आपली हरकत लेखी दाखल करावी, असे त्यात म्हटले होते. आजोबांना अक्षरओळख होती; परंतु 'हितसंबंधी इसम', 'सार्वजनिक प्रयोजन' ही भाषा त्यांच्या परिचयाची नव्हती. ते तालुक्याच्या गावी जाऊन चौकशी करून आले. "हरकत लिहून धरण थांबत नसते, आजोबा, मोबदल्याचे पाहा," असे त्यांना कोणी कारकुनाने सांगितले. ते घरी परतले. एकतिसावा दिवस उजाडला, आणि त्यांचे काहीएक म्हणणे नाही असे कायद्याच्या दृष्टीने ठरून गेले.

पुढे योगायोग असा घडला की, त्याच धरणाचा कालवा तीसएक मैल खाली आमच्या वडिलांच्या शेताजवळून गेला. पहिले पाणी आले, त्या दिवशी वडिलांनी पाटाला नारळ वाहिला आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना गूळ वाटला. आई मात्र त्या दिवशी माजघरातून बाहेर आली नाही. तिला कोणी काही विचारले नाही, आणि तिनेही कोणास काही सांगितले नाही.

आपल्या सभासद कुटुंबांत अशी घरे थोडी नाहीत. कोणाचे माहेर जलाशयात गेले आहे, तर कोणाचे सासर त्याच पाण्यावर बागायती झाले आहे. म्हणून नदीचे पाणी अडविण्याचे ठरविताना त्या नदीच्या काठच्या माणसांस विचारण्याची रीत आपल्या देशी केव्हा आली, कशी आली आणि कितपत खरी ठरली, याचा धावता इतिहास आपल्या बांधवांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे. धरणे बरी की वाईट, हा वाद येथे मांडावयाचा नाही. दुष्काळी महाराष्ट्रात पाण्याची थोरवी कोणी कोणास शिकवावी?

फडांचा कारभार

सरकारी पाटबंधारे खाते जन्मास येण्यापूर्वीही आपल्याकडे नद्यांवर बंधारे होते. धुळे व नाशिक जिल्ह्यांतील पांझरा, मोसम, गिरणा, आरम या नद्यांवरील फड पद्धती सुमारे तीन-चारशे वर्षांची जुनी मानली जाते. नदीच्या पात्रात दगडी बंधारा घालावयाचा, त्याच्या बाजूने पाट काढावयाचा, आणि पाटाखालील जमिनीचे मोठमोठे भाग, म्हणजे फड, पाडावयाचे. एका फडात एका हंगामी सर्वांनी एकच पीक घ्यावयाचे. यंदा या फडात ऊस असेल, तर त्या फडात गहू किंवा दुसरे हंगामी पीक. पुढील वर्षी पाळी बदलावयाची. बहुतेक शेतकऱ्यांची जमीन वेगवेगळ्या फडांत विभागलेली असल्यामुळे कोणा एकाचेच नशीब फळले आणि दुसऱ्याचे करपले, असे सहसा होत नसे.

हा कारभार गावचे लोकच पाहत. पाणी सोडण्यास पाटकरी, देखरेखीस हवालदार, पिकांच्या राखणीस जागल्या असे नोकर गावानेच नेमलेले असत. पाटाचा गाळ काढणे, बंधाऱ्याची डागडुजी करणे ही कामे सर्व मिळून करीत. पाऊस कमी झाला, तर कोणता फड भिजवावयाचा आणि कोणता कोरडा सोडावयाचा, याचा निर्णय शेतकरी एकत्र बसून घेत. हे सर्व नियम कोठे छापलेले नव्हते, तरी पिढ्यानुपिढ्या पाळले गेले.

या पद्धतीस सुवर्णयुग म्हणण्याचा मोह टाळला पाहिजे. ज्याच्यापाशी जमीन नाही, त्याला त्या बैठकीत आवाज नव्हता; स्त्रियांस तर नव्हताच. तथापि एक गोष्ट नि:संशय होती : पाण्याचा निर्णय ज्यांच्या शेतात त्याचा परिणाम व्हावयाचा, त्यांच्याच बैठकीत होत असे, आणि तो निर्णय होण्यापूर्वी त्यांना बोलता येत असे. पुढील दीडशे वर्षांत हीच गोष्ट हळूहळू हरवत गेली, आणि मग कायद्याच्या कलमाकलमांतून ती पुन्हा मिळविण्याची खटपट करावी लागली.

कालव्यांचे युग

इंग्रजी अमदानीत मोठ्या कालव्यांचा काळ सुरू झाला. पुण्याजवळ खडकवासल्याचे धरण १८७९ च्या सुमारास पुरे झाले. त्याच वर्षी मुंबई इलाख्याचा पाटबंधाऱ्यांचा कायदा मंजूर झाला, आणि तो थोड्याफार फरकाने महाराष्ट्र राज्याचा १९७६ चा पाटबंधारे कायदा येईपर्यंत चालू राहिला. जवळजवळ शंभर वर्षे ज्या कायद्याने आपल्या नद्यांचा कारभार चालला, तो रयतेस काय विचारीत होता? अमुक नदीचे पाणी सरकार उपयोगात आणणार आहे, असे गॅझेटात जाहीर व्हावयाचे. आणि त्यामुळे ज्यांचे नुकसान होत असेल, त्यांनी कलेक्टराकडे भरपाईचा दावा सांगावा, अशी नोटीस निघावयाची. म्हणजे प्रश्न विचारला जात असे तो नुकसान किती झाले एवढाच. पाणी घ्यावे की न घ्यावे, कोठून घ्यावे, कोणास द्यावे, हे प्रश्न रयतेचे नव्हतेच.

याचा परिणाम लवकरच दिसून आला. मुठा आणि नीरा या कालव्यांवर लाखो रुपये खर्च झाले. पण चांगल्या पावसाच्या वर्षी शेतकरी कालव्याचे पाणी घेईनात. पाणीपट्टी भरावयाची, आणि ऐन वेळी पाणी मिळेलच याची शाश्वती नाही. मग आकाशाकडे पाहिलेले काय वाईट, असा त्यांचा साधा हिशेब होता. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात कालव्याचे पाणी शेतकऱ्यास वेळेवर मिळत नसल्याची तक्रार केली आहे, आणि ठिकठिकाणी लहान बंधारे बांधून पाणी जमिनीत मुरवावे अशी सूचनाही केली आहे. रयतेच्या बाजूने पाण्याच्या धोरणावर लेखी मत देणाऱ्यांत जोतीरावांचे स्थान अग्रभागी आहे, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही. मात्र ते मत त्यांनी आपण होऊन दिले होते. सरकारने ते मागविले नव्हते.

१८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन भीषण दुष्काळांनंतर सरकारचे डोळे उघडले. सर कॉलिन स्कॉट-मॉन्क्रीफ यांच्या अध्यक्षतेखाली १९०१ मध्ये पाटबंधाऱ्यांविषयी आयोग नेमला गेला. त्याने प्रांतोप्रांती फिरून साक्षी घेतल्या व १९०३ मध्ये आपला अहवाल दिला. याच सुमारास पुण्याच्या पाटबंधाऱ्यांवर काम करणारे इंजिनियर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी कालव्याखालील जमिनीचे गट पाडून, गटाच्या ठरावीक भागास उसाचे व उरलेल्या भागास हंगामी पिकांचे पाणी काही वर्षांच्या कराराने देण्याची पद्धत पुढे आणली. शेतकऱ्यास पाण्याची हमी मिळाली, तसे कालव्यावरील मागणीचे रूप पालटले. विश्वेश्वरय्यांच्या नोकरीची आरंभीची वर्षे धुळे भागात, पांझरेच्या परिसरात गेली होती. त्यांच्या गटपद्धतीचे आणि पांझरेकाठच्या फडांचे साम्य पाहिले म्हणजे, जुन्या शेतकऱ्यांचे शहाणपण नव्या इंजिनियराच्या दृष्टीस पडल्यावाचून राहिले नसावे, असे वाटते.

परंतु न विचारल्याची किंमत दुसऱ्या बाजूनेही द्यावी लागली. नीरेच्या खोऱ्यात बारमाही पाण्याने काळ्या जमिनी फुगू लागल्या, वर क्षार आले, आणि एकेकाळची सोन्यासारखी राने चोपण झाली. कृषितज्ज्ञ डॉ. हॅरल्ड मॅन यांनी आपल्या सहकाऱ्यासह या क्षारयुक्त जमिनींचा अभ्यास करून तो १९१० मध्ये प्रसिद्ध केला. कोणती जमीन पाणी पिते आणि कोणती पाण्याने नासते, हे त्या त्या गावच्या जाणत्या शेतकऱ्यास बांधावर उभे राहून सांगता आले असते. ज्याच्या शेतात पाणी येणार, त्याचे मत घेण्याची गरज धरणात बुडणाऱ्याचे मत घेण्याइतकीच मोठी आहे, हा धडा नीरेने तेव्हाच दिला होता.

मुळशी आणि पाचवे 'अ' कलम

जमीन घेण्याचा कायदा १८९४ चा. सार्वजनिक कामासाठी जमीन हवी असल्याचे सरकारने जाहीर केले, म्हणजे त्या कामाची आवश्यकता ठरून गेलीच. जमीनमालकाने मोबदल्याबद्दल काय बोलावयाचे ते बोलावे, अशी त्याची मूळ रचना होती. 'ही जमीन घेऊच नका' असे म्हणण्याची जागाच त्या कायद्यात नव्हती.

ही उणीव किती खोल होती, ते मुळशी पेट्यात दिसले. तेथील धरण विजेसाठी होते, शेतीच्या पाण्यासाठी नव्हते. तरी त्याचा उल्लेख या इतिहासात टाळता येत नाही. मुळा आणि निळा या नद्यांच्या खोऱ्यात टाटा कंपनीच्या वीजयोजनेकरिता पन्नासएक गावे पाण्याखाली जावयाची होती. जमिनींचे संपादन पुरे होण्याआधीच शेतांतून चर खणले गेले. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या मुहूर्तावर, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पांडुरंग महादेव बापट यांस 'सेनापती' ही पदवी लोकांनी दिली ती याच लढ्यात. विनायकराव भुस्कुटे आदी कार्यकर्ते त्यांच्याबरोबर होते. १९२४ अखेर लढा संपला; धरण झाले.

या लढ्यातील एक गोष्ट फारशी सांगितली जात नाही, ती येथे नमूद करणे अवश्य आहे. मुळशीच्या जमिनींत दोन प्रकारच्या लोकांचा हितसंबंध होता. काही जमिनी कागदोपत्री पुण्याच्या सावकारांकडे गेल्या होत्या. नांगर धरणारा मावळा मात्र तेथेच राहत होता. पुढे पुढे सावकारमंडळींचा कल मोबदला वाढवून घेण्याकडे झुकला, आणि मावळ्याचे म्हणणे 'जान किंवा जमीन' हेच राहिले. दोघांसही विचारले असते, तर दोन उत्तरे आली असती. म्हणून लोकांस विचारले, एवढे म्हणून भागत नाही. कोणत्या लोकांस विचारले? ज्याच्या नावावर उतारा आहे त्यास, की ज्याचे पोट त्या मातीवर आहे त्यास? हा प्रश्न मुळशीने शंभर वर्षांपूर्वी विचारला, आणि तो अद्याप जुना झालेला नाही.

मुळशीचा लढा चालू असतानाच, १९२३ मध्ये, जमीन संपादनाच्या कायद्यात दुरुस्ती होऊन पाचवे 'अ' कलम घातले गेले, व ते १९२४ च्या आरंभापासून अमलात आले. अधिसूचना प्रसिद्ध झाल्यापासून तीस दिवसांत हितसंबंधी माणसाने लेखी हरकत घ्यावी. कलेक्टराने त्याचे म्हणणे स्वत: किंवा वकिलामार्फत ऐकून घ्यावे. आणि आपला अहवाल सरकारकडे पाठवावा, अशी ती तरतूद होती. आमच्या आजोबांच्या हाती १९६७ मध्ये पडलेली नोटीस ती हीच. जमीन घेण्यास 'नको' म्हणण्याची जागा कायद्यात प्रथमच निर्माण झाली, हे या कलमाचे श्रेय मोठे आहे.

परंतु या दरवाजास दोन कड्या होत्या. पहिली अशी की, अखेरचा निर्णय सरकारचाच, आणि पुष्कळदा जमीन मागणारेही सरकारच. म्हणजे मागणाराच न्याय देणार. दुसरी अशी की, ज्या दुरुस्तीने हे कलम आणले, त्याच दुरुस्तीने तातडीच्या प्रसंगी ते बाजूस ठेवण्याची मुभाही सरकारला दिली. तातडी कशास म्हणावे, हे ठरविणे पुन्हा सरकारच्याच हाती.

स्वराज्यानंतर

स्वराज्य आल्यावर धरणे ही राष्ट्राच्या उभारणीची देवळे ठरली, आणि त्या काळाच्या मानाने ते स्वाभाविक होते. अन्नधान्याची टंचाई होती, परदेशातून गहू आणावा लागत होता. गोदावरीवरील जायकवाडी धरणाची कोनशिला लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते १८ ऑक्टोबर १९६५ रोजी बसली, आणि १९७६ मध्ये इंदिरा गांधी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. मराठवाड्याच्या कोरड्या रानांस त्या नाथसागराने पाणी दिले. पण त्याच्या पाणलोटात शंभराहून अधिक गावे विस्थापित झाली.

या काळात शासनाचे लक्ष हळूहळू मोबदल्याकडून पुनर्वसनाकडे वळले. प्रकल्पामुळे उठलेल्यांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्राने १९७६ मध्ये केला. पुढे त्याच विषयावर १९८६ चा आणि १९९९ चा असे नवे कायदे झाले. त्यांतील मूळ तत्त्व न्यायाचे आहे. ज्यांस धरणाचे पाणी मिळणार, त्या लाभक्षेत्रातील मोठ्या खातेदारांकडून ठरावीक प्रमाणात जमीन घ्यावी, आणि जो बुडाला त्यास ती द्यावी. परंतु या तत्त्वाने आणखी एक गोष्ट सिद्ध केली : वरच्या आणि खालच्या गावांचे नशीब एकमेकांस बांधलेले आहे. लाभक्षेत्रातल्या शेतकऱ्याची जमीन एका बाजूने भिजते, आणि दुसऱ्या बाजूने कमी होते. धरणग्रस्त माणूस नव्या गावी उपरा म्हणून येतो, आणि ज्याची जमीन त्याला दिली गेली, तोच त्याचा शेजारी होतो. दोघांस एका ठिकाणी बसवून आधी विचारले असते, तर पुढच्या कितीतरी कज्जेखटल्यांस आणि मनस्तापास कारण राहिले नसते.

जाहीर सुनावणी

विसाव्या शतकाच्या अखेरीस विचारणेचे तिसरे पर्व सुरू झाले. पर्यावरणावर होणाऱ्या परिणामांची पाहणी केल्यावाचून मोठ्या प्रकल्पांस मंजुरी देऊ नये, अशी केंद्र शासनाची अधिसूचना १९९४ मध्ये निघाली. १९९७ मध्ये तीत दुरुस्ती होऊन जाहीर सुनावणी आवश्यक ठरली. आणि १४ सप्टेंबर २००६ च्या नव्या अधिसूचनेने तिची पद्धत सविस्तर घालून दिली. मोठ्या सिंचन योजना या अधिसूचनेखाली येतात. आदिवासी क्षेत्रांसाठी १९९६ च्या कायद्याने जमीन घेण्यापूर्वी ग्रामसभा किंवा पंचायत यांच्याशी विचारविनिमय करणे आवश्यक केले, ते निराळेच.

२००६ च्या पद्धतीतील काही गोष्टी प्रत्येक कुटुंबाने ध्यानी ठेवण्याजोग्या आहेत. सुनावणीची सूचना निदान तीस दिवस आधी वर्तमानपत्रांत, त्यांतील एका प्रादेशिक भाषेतील पत्रात, यावी लागते. अहवालाचा मसुदा कलेक्टर कचेरी, जिल्हा परिषद अशा ठिकाणी पाहण्यास ठेवावा लागतो, व त्याचा सारांश स्थानिक भाषेत द्यावा लागतो. सुनावणी प्रकल्पाच्या जागी किंवा तिच्या नजीक व्हावयास हवी. कलेक्टर किंवा त्यांचा अधिकारी प्रतिनिधी अध्यक्षस्थानी असतो, आणि सर्व कामकाजाचे चित्रीकरण होते. उपस्थितांची किमान संख्या ठरविलेली नाही. दहा माणसे आली तरी सुनावणी झाली असेच समजले जाते. शेवटी, झालेल्या कामकाजाचा गोषवारा स्थानिक भाषेत सर्वांस वाचून दाखवावयाचा असतो. जे जातीने हजर राहू शकत नाहीत, त्यांस लेखी म्हणणे पाठविता येते.

भाषेचा मुद्दा क्षुल्लक नाही. २०२० मध्ये या अधिसूचनेच्या नव्या मसुद्यावर लोकांची मते मागविली गेली, तेव्हा तो मसुदा इंग्रजी व हिंदी या दोनच भाषांत होता. दिल्ली उच्च न्यायालयास त्याची भाषांतरे राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील सर्व भाषांत करण्याचा आदेश द्यावा लागला. चावडीवरचा कागद आजोबांस समजला नव्हता. त्यानंतर अर्धशतक लोटले तरी लोकांस त्यांच्या भाषेत विचारावे, हे न्यायालयाने सांगावे लागले.

जमीन संपादनाचा १८९४ चा कायदा जाऊन २०१३ चा नवा कायदा १ जानेवारी २०१४ पासून अमलात आला. हरकतीची मुदत तीस दिवसांवरून साठ दिवसांवर गेली. जमीन घेण्यापूर्वी समाजावर होणाऱ्या परिणामांची पाहणी करावी व तीवरही जाहीर सुनावणी घ्यावी, अशी थोर तरतूद त्यात आली. मात्र ज्या सिंचन प्रकल्पांस पर्यावरणविषयक पाहणी दुसऱ्या कायद्याने आवश्यक आहे, त्यांस ही सामाजिक पाहणी लागू होणार नाही, असा अपवादही त्यातच आहे. म्हणजे धरणे आणि कालवे यांच्या बाबतीत लोकांस बोलण्याची मुख्य जागा ती पर्यावरणाची सुनावणीच राहते. तेथे नदीतील मासे आणि जंगलातील झाडे यांच्याबरोबरच माणसांनीही आपली गाऱ्हाणी मांडावयाची!

एक गैरसमज येथे दूर करणे जरूर आहे. जाहीर सुनावणी म्हणजे मतदान नव्हे. शंभरांपैकी नव्वद जणांनी 'नको' म्हटले, म्हणून योजना आपोआप रद्द होत नाही. लोकांनी उपस्थित केलेल्या मुद्द्यांची दखल अंतिम अहवालात घेणे योजना करणाऱ्यांवर बंधनकारक आहे, एवढाच तिचा बळकट भाग. म्हणून तेथे किती माणसे ओरडली, याहून किती मुद्दे नोंदले गेले, याला अधिक मोल आहे.

आधी विचारले तेव्हा

लोकांस खरोखरच आधी विचारले, किंवा लोक स्वत:च पुढे झाले, तेव्हा काय घडले, याची उदाहरणेही आपल्याच महाराष्ट्रात आहेत. सांगली जिल्ह्यातील येरळा नदीवर, खानापूर तालुक्यात, तांदुळवाडी आणि बलवडी या गावांच्या लोकांनी १९८० च्या दशकात 'बळीराजा स्मृती धरण' स्वत: उभे केले. नदीची वाळू ठेकेदार उपसून नेत होते. तीच वाळू मर्यादेत विकून धरणास पैसा उभा करावा, अशी कल्पना लोकांतूनच निघाली. पाण्याचे वाटप करताना जमिनीच्या एकरांवर न जाता प्रत्येक कुटुंबास समान हक्क असावा, आणि तो भूमिहीनासही असावा, असे तत्त्व त्यांनी पुढे ठेवले. फडांच्या जुन्या बैठकीत ज्यास जागा नव्हती, त्यास येथे जागा मिळाली.

दुसरे उदाहरण नाशिक जिल्ह्यातील वाघाड प्रकल्पाचे. कालव्याच्या शेपटाकडील ओझर गावास पाणी पोहोचत नसे. बापूसाहेब उपाध्ये, भरत कावळे आदी समाज परिवर्तन केंद्राच्या कार्यकर्त्यांच्या प्रयत्नाने १९९० च्या सुमारास तेथील शेतकऱ्यांनी पाणीवापर संस्था स्थापन केल्या, मोजून पाणी घेण्यास सुरुवात केली, आणि पुढे साऱ्या प्रकल्पाच्या पाण्याचे व्यवस्थापन शेतकऱ्यांच्याच संस्थांकडे आले. २००५ मध्ये महाराष्ट्राने सिंचन पद्धतींचे व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे देण्याचा कायदा केला. पांझरेच्या पाटकऱ्यापासून ओझरच्या पाणीवापर संस्थेपर्यंतचे हे वर्तुळ पुरे होण्यास शंभराहून अधिक वर्षे लागली.

या सर्व इतिहासाचे सार एका वाक्यात सांगावयाचे, तर असे की, विचारणा निर्णयाच्या आधी झाली तर ती योजनेचे बळ वाढविते, आणि नंतर झाली तर ती केवळ मोबदल्याची घासाघीस होते. १८७९ मध्ये नुकसान विचारले. १९२४ पासून हरकत विचारली. १९९७ पासून मत विचारले. पायरी चढत गेली, हे खरे. पण योजना कोणती असावी, धरण किती उंच असावे, कालवा कोणत्या अंगाने जावा, हे ठरण्यापूर्वी गावात येऊन विचारण्याची पायरी अजून चढावयाची आहे.

आपले कर्तव्य

आपल्या मंडळाचे सभासद दोन्ही बाजूंस आहेत. तेव्हा मंडळाने अमुक धरणाच्या बाजूने वा विरुद्ध उभे राहावे, असे मुळीच सुचवावयाचे नाही. परंतु कोणाही सभासद कुटुंबाची मुदत अज्ञानामुळे टळून जाऊ नये, एवढे तरी आपणांस करता येईल. याकरिता काही नम्र सूचना.

नोटीस हाती आली, की प्रथम तिच्यावरील तारीख पाहावी आणि दिवस मोजावेत. तोंडी सांगण्यावर विसंबू नये. म्हणणे लेखी द्यावे, त्याची पोच घ्यावी व प्रत घरी ठेवावी. सातबाराच्या उताऱ्यावर ज्यांची नावे नाहीत, पण जे त्या जमिनीवर जगतात, त्यांनी व घरातील स्त्रियांनीही स्वतंत्रपणे आपले म्हणणे द्यावे. सुनावणीस जाताना गावची विहीर, गायरान, देऊळ, स्मशान, वहिवाटीची वाट यांची यादी बरोबर न्यावी, कारण मोबदल्याच्या तक्त्यात या गोष्टी सहसा येत नाहीत. लाभक्षेत्रातील मंडळींनीही जावे, आणि आपल्या जमिनीत पाण्याचा निचरा होतो की नाही, हे निक्षून सांगावे. गोषवारा वाचून दाखविला जाईल तेव्हा उठून जाऊ नये. आपला मुद्दा त्यात आला की नाही, ते ऐकून मगच घरी यावे.

आपल्यात वकील आहेत, इंजिनियर आहेत, महसूल खात्यातून निवृत्त झालेले अनुभवी गृहस्थ आहेत. त्यांनी वर्षातून काही दिवस या कामास दिले, आणि मंडळाच्या कार्यालयात अशा नोटिशी समजावून देण्याची व्यवस्था झाली, तर शिष्यवृत्ती आणि वधूवर मेळावे यांच्याइतकेच ते पुण्याचे काम होईल.

आमच्या आजोबांस त्या तीस दिवसांत असा एखादा जाणता माणूस भेटला असता, तर धरण थांबले असते, असे वाटत नाही. आणि ते थांबावयास हवे होते, असेही प्रस्तुत लेखक म्हणणार नाही, कारण त्याच पाण्यावर त्याचे शिक्षण झाले. पण नवे गाव कोठे वसावे, देवीचे ठाणे पाणी चढण्यापूर्वी कोणी हलवावे, आणि ज्या शेजाऱ्यांच्या ओट्यावर जन्म गेला त्यांच्याच शेजारी नवे घर मिळावे की नाही, याबद्दल त्यांस पुष्कळ सांगावयाचे होते. ते सारे त्यांनी पुढे आयुष्यभर आम्हां नातवंडांस सांगितले. ज्या कागदावर ते लिहिले जावयास हवे होते, तो मात्र कोराच राहिला. आपल्यापैकी कोणाच्या घरी असा कागद पुन्हा आला, तर तो कोरा परत जाऊ नये, ही प्रार्थना करून हे टिपण पुरे करतो.